भाषा गेली, नदी राहिली

होंडुरास हा मध्य अमेरिकेतला छोटासा देश. तिथल्या चलनाचं नाव लेंपिरा. हा लेंपिरा म्हणजे लेंका नावाच्या आदिवासी समाजाचा सरदार. १५३७ साली त्याने सेर्कीनच्या डोंगरावरून स्पॅनिश फौजेला कित्येक महिने झुंजवलं. तो मेला कसा? एर्रेरा हा स्पॅनिश इतिहासकार म्हणतो, बोलणी चालू असताना दगा करून गोळी घातली. पण सेव्हिलच्या दफ्तरखान्यात १५५८ चा एक कागद सापडला. त्यात रोद्रिगो रुईस नावाचा शिपाई सांगतो की मीच त्याला लढाईत मारलं आणि मुंडकं कापून आणलं. आता राजाकडे बक्षीस मागायचा अर्ज म्हणजे अप्रेझल फॉर्मच की हो! थोडं वाढवून लिहिलेलं असणारच, असं आपलं मला वाटतं.

असो. मला कुतूहल आहे ते लेंपिराच्या लोकांचं. होंडुरास आणि एल साल्वादोरमध्ये ते आजही आहेत, पण त्यांची भाषा बोलणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळे स्पॅनिश बोलतात. देवही कॅथलिक संत. मग लेंका म्हणून उरलं काय?

उरली ती 'कोंपोस्तुरा'. मक्याची पेरणी असो की मडक्यांसाठी माती खणणं असो, जमिनीकडून काही घ्यायचं तर आधी तिचं देणं द्यायचं. मेणबत्त्या लावायच्या, कोपाल नावाच्या झाडाच्या डिंकाचा धूप जाळायचा, मक्याची दारू जमिनीवर शिंपडायची, कोंबडीचं किंवा टर्कीचं रक्त वाहायचं. प्रार्थनेत संतांची नावं येतात, पण हिशोब चालतो तो मातीशी. दुसरा विधी 'ग्वांकास्को'. यात दोन गावं आपापल्या संतांच्या मूर्ती वाजतगाजत नेऊन एकमेकांना भेटतात आणि सलोखा पक्का करतात.

हे वाचून 'छान लोककला आहे' म्हणून आपण पुढे जातो. पण याच श्रद्धेपायी माणसं मेली आहेत. लेंकांच्या मते नद्यांमध्ये मुलींचे आत्मे राहतात आणि तेच पाणी राखतात. ग्वाल्कार्के ही अशीच एक पवित्र नदी. तिच्यावर आग्वा सार्का धरणाची योजना आली. गावाला धड विचारलंसुद्धा नाही. खरं तर आदिवासींचा सल्ला घेण्याचं बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार होंडुरासने १९९५ मध्येच मान्य केला होता. २०१३ मध्ये रिओ ब्लांकोच्या लोकांनी रस्ता अडवला. त्याच वर्षी तोमास गार्सिया हा त्यांचा पुढारी आंदोलनात सैनिकाच्या गोळीने मेला. लढा उभा करणाऱ्या बेर्ता कासेरेसना २०१५ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि २ मार्च २०१६ च्या रात्री ला एस्पेरान्सातल्या त्यांच्या घरात घुसून त्यांना गोळ्या घातल्या.

२०१७ मध्ये युरोपातल्या कर्ज देणाऱ्या बँकांनी अंग काढून घेतलं. २०१८ मध्ये सात जण दोषी ठरले. २०२२ मध्ये धरणाच्या कंपनीच्या प्रमुखाला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. धरण काही झालं नाही.