मंदिराच्या भिंतींवरील जुने रंग : त्यांचा इतिहास व ते उतरविण्याची सुरक्षित रीत

जीर्णोद्धार म्हटला की सर्वांच्या डोळ्यांपुढे नवा कळस, नवी फरशी आणि नवा रंग उभा राहतो. वर्गणीच्या यादीत सिमेंट, लोखंड, रेती, रंग व मजुरी या बाबी ठळकपणे लिहिलेल्या असतात. परंतु नवा रंग लागण्यापूर्वी जुना रंग निघावा लागतो, याची स्वतंत्र नोंद अंदाजपत्रकात सहसा नसते. ते काम चार दिवसांच्या श्रमदानावर सोपविले जाते. शाळेची मुलेही हौसेने येतात, जुनी पत्री किंवा विळा घेऊन भिंत खरवडतात आणि सभामंडप धुळीने भरून जातो. ही धूळ कशाची आहे, ती भिंतीवर कधी व कशी आली आणि ती कोणालाही अपाय न करता कशी काढावी, हे गावकऱ्यांना व देणगीदारांना ठाऊक असावे, या हेतूने हा विषय येथे मांडला आहे.

देवळाला रंग देण्याची चाल जुनी आहे, पण आज दिसतो तसा रंग जुना नाही. यादव राजांच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकात, महादेव व रामचंद्र या राजांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत होऊन गेला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी हेमाडपंती देवळे यवतमाळ जिल्ह्यातही ठिकठिकाणी आहेत. घडीव दगडावर घडीव दगड बसवून उभारलेल्या या देवळांची खरी शोभा पाषाण व त्यावरील कोरीव काम हीच होती. तथापि दगडावर रंग कधीच चढला नाही असेही म्हणता येत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यावर एके काळी चुन्याचा पांढरा गिलावा व त्यावर रंगकाम होते. त्यावरूनच लोक त्यास रंगमहाल म्हणू लागले.

पुढे गावोगावच्या विटामातीच्या व चुन्याच्या देवळांना चुन्याचा हात देण्याची रीत रूढ झाली. यवतमाळ जिल्ह्यात चुन्याची वाण नव्हती. वणी तालुक्यातील राजूरच्या चुनाभट्ट्या प्रसिद्ध आहेत. कळीचा चुना विरवून, गाळून, त्यात थोडा डिंक व नीळ घालून सणापूर्वी भिंती पांढऱ्या करीत. खालच्या पट्ट्यास गेरू किंवा काव लावीत. हवेतील कार्बन डायॉक्साइड घेऊन चुना पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. त्याचा थर पातळ व सच्छिद्र असल्याने भिंतीत मुरलेली पावसाळ्याची ओल उन्हाळ्यात बाहेर पडून जाते. दरवर्षी जुने पापुद्रे झाडून नवा हात दिला की काम भागत असे.

यानंतर बाजारात डब्यातील रंग आले. हावडा येथे १९०२ साली शालिमार रंगांचा कारखाना निघाला. मुंबईत १९४२ साली एशियन पेंट्स स्थापन झाली आणि १९५४ साली व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला तिचा गट्टू हा खट्याळ मुलगा पुढे दुकानादुकानांच्या पाट्यांवर दिसू लागला. डिस्टेंपर व ऑइल पेंट अशा रीतीने खेडोपाडी पोहोचले. ऑइल पेंटचा भाविकांना मोठा मोह पडला. समईची काजळी, तेलाचे डाग, हळदकुंकवाचे हात हे सर्व ओल्या फडक्याने पुसता येई. नवस फेडणाऱ्याने रंगाचे डबे द्यावेत आणि भिंतीवर त्याचे नाव लिहावे, असा प्रघात पडला. दर यात्रेला नवा थर चढत गेला. त्यामागील भाव निर्मळ होता, यात संशय नाही.

परंतु ऑइल पेंट भिंतीला झाकणासारखा बसतो. जोत्यातून वर चढलेली ओल आतच कोंडते. मग रंगाला फुगे येतात, गिलावा सुटतो, लोणा धरतो व पापुद्रे खाली पडतात. कोरीव खांबांवर थरावर थर चढून यक्षांचे डोळे व वेलींची पाने बुजून जातात. ही झाली वास्तूची हानी. माणसाची हानी याहून गंभीर आहे, आणि ती शिसे या धातूमुळे होते.

पूर्वीच्या तैलरंगांत पांढरेपणासाठी सफेदा, म्हणजे शिशाचे संयुग, वापरीत. चकचकीत पिवळ्या व केशरी रंगांत शिशाचे क्रोमेट असे. लोखंडी दारांच्या अस्तरात लाल शिसे असे. पारंपरिक शेंदूर हाही मुळात शिशाचाच ऑक्साइड आहे. शिसे शरीरात गेल्यास रक्त कमी होते, पोटात कळा येतात, मूत्रपिंडे व मज्जातंतू बिघडतात. लहान मुलांना याचा धोका सर्वांत जास्त आहे, कारण त्यांच्या पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्या माणसाच्या मानाने चार ते पाच पट भाग अंगात शोषला जाऊ शकतो. त्यामुळे मुलांची बुद्धी व एकाग्रता कायमची मंदावते. गरोदर स्त्रीच्या रक्तातून ते गर्भापर्यंत पोहोचते. शिशाचे अमुक इतके प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही.

ही गोष्ट जगाला फार पूर्वीच कळली होती. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे १९०४ साली डॉ. गिब्सन यांनी मुलांच्या विषबाधेचे मूळ घरांच्या व व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगात असल्याचे दाखविले. फ्रान्सने १९०९ साली सफेद्याविरुद्ध कायदा केला. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेदा वापरू नये असा करार संमत केला. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात याबाबतचे नियम २०१६ साली निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे असे बंधन आले. म्हणजेच त्यापूर्वी देवळाला दिलेल्या ऑइल पेंटच्या कोणत्याही थरात शिसे असू शकते. तपासणी झालेली नसेल तर ते आहे असेच धरून चालावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. भिंतीला घट्ट बसलेला, न फुगलेला, न सुटलेला रंग विशेष अपाय करीत नाही. अपाय होतो तो रंगाची धूळ किंवा धूर झाल्यावर. त्यामुळे जुना रंग मजबूत असेल व खाली कोरीव काम नसेल तर तो तसाच राहू देणे हाच पुष्कळदा सर्वांत सुरक्षित उपाय होय. ओलीमुळे रंग सुटत असेल, किंवा मूळ पाषाण मोकळा करावयाचा असेल, तरच तो उतरवावा.

चढविलेला थर उतरविणे किती जिकिरीचे असते याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. अजिंठा लेणी निजामाच्या राज्यात होती. वऱ्हाडही १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत निजामाकडेच होता. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रे सुरक्षित करण्यासाठी बोलाविले. त्यांनी सुटलेले पोपडे चिकटविले व चित्रांवर लाखेचे व्हार्निश दिले. हेतू चांगला होता, पण व्हार्निश कालांतराने पिवळे व काळपट पडले आणि चित्रे झाकोळली. ते काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक वर्षे, थोडे थोडे करून, करावे लागले. जे लावावयास थोडा वेळ लागला, ते काढावयास दोन पिढ्या लागल्या.

नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी देवीचे उदाहरण अलीकडचे आहे. तेथे २०२२ साली मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून तज्ज्ञांकडून मूर्तीवरील शेंदराचे थर उतरविण्यात आले. निघालेला शेंदूर एक हजार किलोहून अधिक भरला आणि देवीचे मूळ रूप नवरात्रात भाविकांना दिसले. पंढरपूर येथे १५ मार्च २०२४ पासून श्रीविठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन थांबवून मंदिराच्या जतनाचे काम झाले. नंतरच्या काळात बसविलेल्या फरशा वगैरे काढून गाभाऱ्याचा मूळ पाषाण मोकळा करण्यात आला व २ जून २०२४ रोजी पदस्पर्शदर्शन पुन्हा सुरू झाले. काम चालू असताना मे अखेरीस एक तळघर सापडले व त्यातून जुन्या मूर्ती बाहेर आल्या. लाखो वारकऱ्यांच्या विठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन जर कामासाठी अडीच महिने थांबू शकते, तर गावच्या देवळाचे दर्शन पंधरा दिवस बाहेरून घेण्यास हरकत नसावी.

आता प्रत्यक्ष कामाची रीत. खेड्यातही ती पाळता येण्यासारखी आहे.

१) भिंतीवर लिहिलेली देणगीदारांची नावे, तिथी व मजकूर प्रथम वहीत जसाच्या तसा उतरवून घ्यावा व त्याची छायाचित्रे काढावीत. रंगाबरोबर कोणाच्या आजोबांचे नाव पुसले जाऊ नये.

२) सभामंडपातील सतरंज्या, भांडी, पोथ्या बाहेर न्याव्यात. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावे व दारांना प्लास्टिकचे पडदे लावावेत. काम पुरे होईपर्यंत लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना आत येऊ देऊ नये. मुलांच्या श्रमदानासाठी झाडे लावणे, अंगण सारवणे अशी दुसरी कामे पुष्कळ आहेत.

३) वीजपुरवठा मुख्य बटनापासून बंद करून मगच भिंतीवर पाणी मारावे. रंग नेहमी ओला करूनच खरवडावा. थोडा भाग भिजवावा, सुटलेला रंग हलक्या हाताने काढावा, पुन्हा भिजवावा. कोरडा पॉलिश पेपर किंवा फिरते यंत्र वापरू नये.

४) ज्योतीच्या बत्तीने रंग जाळून काढू नये. त्यातून शिशाचा धूर होतो व गाभाऱ्याला बहुधा एकच दार असल्याने तो आत कोंडतो. याच कारणाने रंग काढण्याची तीव्र वासाची द्रावणेही गाभाऱ्यात वापरू नयेत. काहींमधील मेथिलीन क्लोराइडने बंद खोलीत माणसे दगावली आहेत.

५) कॉस्टिक सोडा स्वस्त असला तरी तो कातडी व डोळे जाळतो. शिवाय त्याचा क्षार दगडात मुरून पुढे पांढरा लोणा फुटतो. दगडावर तारेचा ब्रश किंवा रेतीचा मारा करू नये. त्याने रंगाबरोबर पाथरवटाच्या छिन्नीचे कामही जाते. बांबूची पट्टी व नायलॉनचा ब्रश बरा. कोरीव भागास हात लावण्यापूर्वी कोपऱ्यातील वीतभर जागेवर करून पाहावे.

६) तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा ही धूळ अडवीत नाही. पी-१०० दर्जाची गाळणी असलेला मास्क वापरावा, तो न मिळाल्यास निदान एन-९५. कामाच्या जागी विडी, तंबाखू, चहा वर्ज्य करावा. संध्याकाळी हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच घरी जावे. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

७) झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. पापुद्रे जाड पिशवीत बांधून ठेवावेत. ते जाळू नयेत, शेतात, नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नयेत. विल्हेवाटीबाबत ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी. रंग काढणाऱ्या मजुरास थकवा, पोटदुखी जाणवल्यास डॉक्टरांना कामाची माहिती देऊन रक्तातील शिसे तपासून घ्यावे.

कायद्याच्याही दोन बाबी येथे नमूद करणे आवश्यक आहे. सदर देऊळ केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाखाली संरक्षित असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगडास हात लावता येत नाही. यादीत नसलेल्या पण जुन्या देवळाबाबतही खात्याचा सल्ला घेणे हिताचे. रंगाखाली शिलालेखाची अक्षरे दिसू लागल्यास काम तेथेच थांबवावे. खोदकामात मूर्ती, नाणी निघाल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते. तहसील कार्यालयात वेळीच लेखी अर्ज दिल्याने पुढील पुष्कळ त्रास वाचतो.

भिंत मोकळी झाल्यावर ती पूर्ण वाळू द्यावी. छताची गळती व जोत्याची ओल आधी दुरुस्त करावी. घडीव पाषाण असेल तर तो तसाच ठेवावा, चुन्याचा गिलावा असेल तर पुन्हा चुन्याचाच हात द्यावा. देणगीदारांची नावे भिंतीऐवजी एका फलकावर व देवस्थानच्या वहीत राहतील.

नवा रंग देणाऱ्याचे नाव सर्व गाव वाचते, जुना रंग काळजीने उतरविणाऱ्याचे नाव कोठेच लागत नाही. म्हणून अंदाजपत्रकात या कामासाठी वेगळी रक्कम धरावी आणि एखाद्या दात्याने रंगाच्या डब्यांऐवजी मास्क, प्लास्टिक व कुशल मजुरी यांचा खर्च उचलावा. देवळाच्या ओसरीवर रांगणारी मुले उद्या याच देवळाचे विश्वस्त होणार आहेत. त्यांच्या पोटात विषाचा कणही न जाता जीर्णोद्धार पार पडावा, हीच सर्वांच्या वतीने श्रीचरणी प्रार्थना.