मानवतचं भूत आणि दहा जीव



२०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही वेबसिरीज आली आणि आपल्या लोह्यात चहाच्या टपरीवर जुना विषय परत निघाला. "भाऊ, तिथं पिंपळावर मुंजा हाय म्हनं." "रातच्याला त्या अंगाला कुनी जात नाही म्हनं." मानवत काही सातासमुद्रापार नाही. पालम, गंगाखेड, परभणी करत गेलं की पुढं मानवत. आपल्यातल्या कित्येकांची सोयरीक त्या भागात आहे. म्हणून भुताच्या आधी, जे घडलं ते सांगतो.

१४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४. जेमतेम चौदा महिने, आणि दहा खून. पाच लहान मुली, एक वर्षाचं तान्हं लेकरू आणि चार बाया.

सालं नीट बघा. बाहत्तरचा दुष्काळ. अख्खा मराठवाडा खडी फोडायला गेला होता, सुकडीवर दिवस काढत होता. मायबाप कामावर, अन् गरिबाच्या पोरी सरपणाला, गोवऱ्याला रानात एकट्या. अशा वेळी लेकरू गायब होणं सोपं असतं, आणि गरिबाचं लेकरू गायब झालं तर बोंब मारायला माणूसही कमी असतो.

गाव हादरलं, तपास अडकला. मग मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ च्या रामन राघव प्रकरणाचा छडा लावणारे तेच अधिकारी. पोलिसांची मांडणी अशी होती: मूल व्हावं आणि गुप्तधन सापडावं म्हणून हे बळी दिले, आणि पुढचे काही खून आधीचे दडपण्यासाठी झाले. संशय गावातल्या एका बड्या असामीपर्यंत आणि त्याच्यासोबत राहणाऱ्या बाईपर्यंत गेला. परभणीच्या सेशन कोर्टानं दोघांना दोषी धरलं.

प्रकरण वर गेलं. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. निकाल न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेला. शेवट असा झाला की प्रत्यक्ष मारणारे म्हणून पकडलेल्यांपैकी काहींची शिक्षा कायम राहिली आणि कट रचल्याचा आरोप असलेले ते दोघं सुटले. त्यांची नावं सिरीजमुळं सगळ्यांना पाठ आहेत. कोर्टानं सोडलेल्या माणसाचं नाव मी परत चघळत नाही.

सुटले कसे? लोक म्हणतात पैसा चालला. पण निकालातला मुद्दा वेगळा आहे. जो स्वतः गुन्ह्यात होता आणि माफीचा साक्षीदार झाला, त्याच्या नुसत्या बोलण्यावर दुसऱ्याला लटकवता येत नाही. त्याला बाहेरून भक्कम आधार लागतो. कबुलीजबाब नियमानं घ्यावा लागतो. आरोपींवर जोरजबरदस्ती करण्याच्या पोलिसांच्या सवयीवरही कोर्टानं कडक बोट ठेवलं. आजही वकील मंडळी या निकालाचा दाखला देतात.

म्हणजे हातानं मारणारे सापडले. "मारा" असं म्हणालं कोण, याचं उत्तर कायद्याच्या कागदावर आजही कोरं आहे. माझ्या मते मानवतचं भूत याच कोऱ्या जागेत राहतं. उत्तर मिळालं नाही की माणूस गोष्ट रचतो. भुतावर केस चालत नाही, त्याला वॉरंट लागत नाही, त्याच्यापुढं कुणाची जबाबदारी निघत नाही. मुंज्यानं मागितलं म्हटलं की मागणारा माणूस सुटला.

या गोष्टीनं आणखी दोन नुकसान केले. एक, मानवतच्या माणसानं परगावी गावाचं नाव सांगितलं की समोरचा अजूनही दचकतो. पन्नास वर्षं झाली, जन्मलेही नव्हते ते लोक हा डाग वागवतात. दोन, आरोपींत काही जण पारधी होते म्हणून सगळ्या पारधी समाजाकडं बोट गेलं. इंग्रजांनी जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो कायदा १९५२ ला गेला, पण लोकांच्या डोक्यातून गेला नाही. आणि मेलेल्या मुली? पिंपळाचं झाड सगळ्यांना सांगता येतं, पण एका तरी मुलीचं नाव टपरीवर कुणी सांगितलं का?

मंडळी, हे फक्त जुनं नाही. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा यायला २०१३ उजाडलं, तेही २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. मानवतपासून जवळपास चाळीस वर्षं! या कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकारही येतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार.

म्हणून एकच विनंती. जुन्या वाड्यात, गढीत, शेतात रात्री खड्डा खोदल्याचं, लिंबू-कुंकवाचा मांड मांडल्याचं दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ फिरवत बसू नका. आधी पोलीस ठाणं गाठा. एखाद्या बाईला कुणी करणी करणारी ठरवत असेल तर तिच्या बाजूनं उभं राहा. लेकरू दिसेनासं झालं तर "येईल संध्याकाळपर्यंत" म्हणू नका, त्याच तासाला तक्रार द्या.

मानवतला जाऊन आला असाल, तिथले असाल तर खाली लिहा. भुताच्या गोष्टी नकोत. त्या घरांचं पुढं काय झालं, ते माहीत असेल तर सांगा.

#मानवत #लोहा #मराठवाडा