परीक्षा पोराची की मास्तरांची?



गावच्या शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटले की काय धांदल उडते, हे ज्यांनी खेड्यातली शाळा पाहिली त्यांना सांगायला नको. अंगण झाडून सारवले जाते, फळ्यावर सुविचार चढतो, नखे कापून येण्याची ताकीद मिळते. ज्याला वाचता येते तो पुढच्या रांगेत आणि ज्याला येत नाही तो मागे, अशी बैठकही ठरून जाते.

मी तिसरीत असताना असेच एक साहेब आमच्या शाळेत आले. गुरुजींनी मला उभे केले. महिनाभर घोटून घेतलेला धडा मी खणखणीत आवाजात म्हणू लागलो. पान संपले, पण मी काही थांबलो नाही. आणि पान उलटायचेही विसरलो! साहेबांच्या ते ध्यानात आले. त्यांनी पुस्तकातले पुढचे, अजून न शिकवलेले पान काढले, एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "बाळ, एवढी एक ओळ वाच बघू." ती ओळ मला वाचता आली नाही. साहेब रागावले नाहीत. गुरुजींची मान मात्र खाली गेली. ती खाली गेलेली मान मला आजही दिसते.

परीक्षा माझी होती. मग नापास कोण झाले? आज मी स्वतः इतिहास शिकवतो, आणि हाच प्रश्न घेऊन मागे पाहू लागलो म्हणजे दिसते, की तो गेली दीडशे वर्षे कोणालाच नीट सुटलेला नाही.

जुन्या काळी पंतोजीच्या शाळेची परीक्षा गावच घेई. पोराला घरी आलेले पत्र वाचता आले, मोडीत चार ओळी खरडता आल्या, सावकाराचा हिशेब पडताळता आला, की पंतोजी पास! पुढे 1854 साली इंग्रज सरकारचा शिक्षणविषयक खलिता आला, 1855 साली मुंबई इलाख्यात शिक्षण खाते निघाले, आणि त्याबरोबर शाळा तपासणारा अधिकारी आला. लोक त्याला 'डिपोटी' म्हणत. आता परीक्षा घेणारा गावाबाहेरून येऊ लागला.

त्याच सुमारास विलायतेत एक निराळाच प्रयोग चालू झाला. 1862 साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने तिथे नियम झाला, की निरीक्षकाने प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन आणि गणित तपासावे आणि निकाल पाहून शाळेला पैसे द्यावेत. व्यवहाराला तो चोख दिसतो. माल तसा दाम! पण झाले काय? शाळा मुलांकडून नेमलेले पुस्तक तोंडपाठ करून घेऊ लागल्या. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी तिथे शाळानिरीक्षक होते. त्यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. अखेर 1890 नंतरच्या दशकात ती मोडीत निघाली. आमच्या शाळेत मी जे केले, ते विलायतेतल्या पोरांनी शंभर वर्षे आधीच केले होते म्हणायचे!

ही 'निकालाप्रमाणे पैसे' देण्याची पद्धत मुंबई इलाख्यातही अनुदानासाठी आली. तिच्याविषयी सर्वांत मार्मिक बोलणारा माणूस आपलाच होता. 1882 साली हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी पुण्याहून आपले निवेदन त्याला सादर केले. शिक्षकांनी तर ते मुळातूनच वाचावे. जोतीरावांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या गरीब लोकांत अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही, तिथे निकालावर पैसे देण्याची रीत चालणार नाही. अशा वस्तीत आपल्या भरवशावर शाळा काढायला कोण मास्तर धजेल? त्याचे पोटच भरणार नाही. तिथे सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत.

पण म्हणून तपासणीच नको, असे जोतीराव म्हणाले नाहीत बरे का! डिपोटीने वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता शाळेला भेट द्यावी, असे त्यांनी सुचवले. मास्तराचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि जो पुष्कळ मुले पास करील त्याला पगाराशिवाय वर काही भत्ता द्यावा, हेही सांगितले. यातला भेद पाहा. पोटाची भाकरी परीक्षेला टांगू नका. शाबासकी हवी तर खुशाल द्या. तपासा, पुन्हा पुन्हा तपासा, पण घाबरवू नका.

हे सारे चालले ते मुंबई इलाख्यात. आपली परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या पोरांना डिपोटीचे भय नव्हते, कारण बहुतेक गावांत शाळाच नव्हती! जी काही वरची शाळा होती तिची भाषा उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने पहिली परीक्षा द्यायची ती भाषेचीच. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबादचा मुक्तिसंग्राम यशस्वी झाला, 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, आणि गावोगाव पाट्या-पुस्तके पोचली. 2011 च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची साक्षरता सुमारे 73 टक्के भरली. आपले आजे-पणजे अंगठा उठवीत होते हे आठवले म्हणजे ही मजल लहान वाटत नाही.

मात्र नाव पटावर चढले म्हणजे अक्षर डोक्यात उतरले, असे नव्हे. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणाला नापास करू नये, असे त्यात होते. हेतू चांगला होता. पोराने भिऊन शाळा सोडू नये. वर्षभर सतत मूल्यमापन करावे, असेही त्यात सांगितले होते. पण पुष्कळ ठिकाणी 'नापास नाही' याचा अर्थ 'तपासणी नाही' असा लावला गेला. 'असर' नावाची एक पाहणी 2005 पासून होत आली आहे. कार्यकर्ते खेड्यांत घरोघर जाऊन मुलाला एकेकटे बसवून वाचायला देतात. 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी 48.8 टक्क्यांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. 2022 मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा 42.8 इतका खाली होता. म्हणजे दोघांतल्या एकाला वाचता येत नाही असेच म्हणायचे!

महाराष्ट्राने 22 जून 2015 च्या निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम हाती घेतला आणि सगळ्या राज्यात एकाच वेळी पायाभूत चाचणी घेतली. 2023-24 पासून तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातून तीन चाचण्या सुरू झाल्या. एक पायाभूत, दोन संकलित. याशिवाय 2023 साली नियम बदलून पाचवी आणि आठवीला पास-नापासही परत आले. जोतीरावांनी मागितलेली वारंवार तपासणी, म्हणा ना, एकशे चाळीस वर्षांनी आली!

पण ती कोणत्या मनाने घ्यायची? आपल्याच जिल्ह्यातले दोन दाखले घेऊ. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पायाभूत चाचणीला हजर असलेले पोर पुढच्या चाचणीच्या वेळी फडावर पाचट गोळा करीत असते. त्याचा कोरा रकाना कोणाचा निकाल सांगतो? पोराचा, गुरुजींचा, की साऱ्या गावाचा? दुसरा दाखला तांड्यावरचा. पोर घरी गोरमाटी बोलते. प्रश्नपत्रिकेतली मराठी त्याला परकी. त्याला उत्तर येत नाही, की प्रश्नच कळत नाही? कागदावरचा आकडा हे सांगणार नाही. त्याच्याजवळ बसलेले गुरुजीच सांगतील.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. चाचणीचा तक्ता वर पाठवायचा तो पाठवा. पण त्याची एक नक्कल आपल्या टेबलाच्या खणात ठेवा. कोणाला जोडाक्षर अडते, कोणाला मात्रा, कोणाला मनातली गोष्ट लिहिता येत नाही, हे त्यावर टिपून ठेवा. आकडा चांगला दिसावा म्हणून उत्तर फळ्यावर लिहू नका. वैद्याने आजाऱ्याचा ताप कमी लिहिला म्हणून ताप उतरत नसतो. वरच्या साहेबांनीही एवढे जपावे, की ताप खरा लिहिणाऱ्या वैद्याला शिक्षा होऊ नये. नाहीतर पुढच्या खेपेला सगळेच निरोगी दिसतील!

आणि गावकरी मंडळींना एक विनंती. अलीकडे चावडीवर मुलांना सर्वांसमक्ष वाचायला लावण्याचा उपक्रम होतो. चांगला आहे, पंतोजीच्या काळी परीक्षा गावाच्याच हाती होती, ती पुन्हा गावाकडे आली. पण जे पोर अडेल त्याला हसू नका. फडावर निघताना त्याला गावातच ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे त्याच चावडीवर बसून ठरवा.

आता आमच्या शाळेची उरलेली गोष्ट सांगतो. साहेबांनी शेरेबुकात काय लिहिले ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी धडे घोटून घेणे सोडले. रोज सकाळी ते फळ्यावर एक नवी ओळ लिहीत, आम्ही कधी न पाहिलेली. कधी बाजारभावाची, कधी पावसाची, कधी आमच्यातल्याच कुणाच्या नावाची. ज्याला येईल त्याने वाचायची, न येईल त्याने विचारायची. दिवाळीपर्यंत मागच्या रांगेतली पोरेसुद्धा वाचू लागली होती. त्या तपासणीत मी आणि गुरुजी दोघेही नापास झालो होतो, आणि ते खरे खरे कळले, म्हणूनच पुढे दोघेही पास झालो.