‘कॅफे रेसर’ मोटरसायकल : जीर्णोद्धार, रूपांतर आणि ‘मूळ’ रूपाचा प्रश्न

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार हाती घेणाऱ्यास प्रथम एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : वस्तूचे कोणते रूप मूळ मानावयाचे? हस्तलिखित पोथीचा संपादक आणि देवालयाची डागडुजी करणारा स्थापत्यज्ञ या दोघांनाही हा प्रश्न चुकत नाही. विसाव्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत इंग्लंडमध्ये प्रसार पावलेल्या ‘कॅफे रेसर’ या मोटरसायकलीच्या बाबतीत तो विशेष बिकट होतो; कारण ही मोटरसायकल बहुतांशी कारखान्यातून त्या रूपात बाहेर पडलेलीच नव्हती. मालकाने कारखान्याचे रूप मोडून ती घडविली. म्हणून येथे रूपांतर हेच मूळ होय, आणि मूळ रूप परत आणणे म्हणजे इतिहास पुसणे, असा विचित्र प्रसंग उद्भवतो.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट होईल. ‘कॅफे रेसर’ हे नाव गौरवाचे नव्हते. त्यात उपहास होता. शर्यतीच्या मैदानात न उतरता एका उपाहारगृहापासून दुसऱ्यापर्यंत गाडी पिटाळणारा, तो हा ‘कॅफे’चा शर्यतवीर. ज्या उपाहारगृहांना उद्देशून हा शब्द योजला गेला ती फ्रेंच धर्तीची नव्हेत. ती हमरस्त्यालगतची, ट्रकचालकांना चहा व न्याहारी पुरविणारी साधी ठिकाणे होत. तेथील गिऱ्हाईक या शब्दाचा उच्चार ‘कॅफ’ असाच करी. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील ‘एस कॅफे’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. ते १९३८ मध्ये सुरू झाले, महायुद्धातील हवाई हल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि १९४९ मध्ये पुन्हा बांधले गेले. रात्रभर उघडे असणारे दार, रुंद रस्ता आणि नाणे टाकताच गाणे वाजविणारे यंत्र या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या. गाण्याची तबकडी सुरू करून गाडीवर बसावयाचे आणि ती संपण्यापूर्वी ठरलेल्या ठिकाणाला वळसा घालून परतावयाचे, अशी शर्यतीची आख्यायिका आजही सांगितली जाते. आख्यायिकेत अतिशयोक्तीचा अंश असणे शक्य आहे. परंतु ताशी शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरचा वेग गाठण्याची आकांक्षा मात्र खरी होती. या शंभराला ‘टन’ म्हणत, आणि त्यावरून या तरुणांना ‘टन-अप बॉइज’ हे नाव पडले.

हे तरुण बहुधा श्रमजीवी वर्गातील होते. युद्धोत्तर काळात हाती पडू लागलेले नियमित वेतन आणि हप्तेबंदीची सोय यांमुळे मोटरसायकल त्यांच्या आवाक्यात आली. शर्यतीसाठी खास घडविलेली गाडी मात्र आली नाही. तेव्हा रोजच्या वापराच्या गाडीलाच शर्यतीचे रूप देणे हा मार्ग त्यांनी पत्करला. उंच हँडल काढून पुढच्या फोर्कच्या नळ्यांना ‘क्लिप-ऑन’ नावाचे दोन आखूड दांडे जोडावयाचे, म्हणजे स्वार टाकीवर ओणवा होऊन वाऱ्याचा विरोध कमी होतो. त्या बैठकीला जुळावे म्हणून पाय ठेवावयाच्या खुंट्या मागे न्यावयाच्या. लांबट अॅल्युमिनियमची टाकी, मागे उंचवटा असलेली एकट्याची बैठक आणि मागे वळविलेल्या धूरनळ्या हे पुढचे फेरफार. वजन वाढविणारे जे जे ते काढून टाकावयाचे, हा या रचनेचा नियम होता. वेगाशी संबंध नसलेली शोभा तिच्यात फारशी नव्हती. शोभा आली ती नियमाच्या पालनातून.

याच कल्पनेची परिपूर्ण अभिव्यक्ती म्हणून ‘ट्रायटन’चा निर्देश करावा लागतो. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस याने नॉर्टन कंपनीसाठी आखलेला दुहेरी नळ्यांचा सांगाडा १९५० मध्ये शर्यतीत उतरला, आणि त्याच वर्षी जेफ ड्यूक याने आइल ऑफ मॅन येथील सीनियर टी.टी. शर्यत त्यावर जिंकली. पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते, असा अभिप्राय स्वार हॅरल्ड डॅनियल याने दिल्यावरून या सांगाड्यास ‘फेदरबेड’ हे नाव मिळाले. इंजिनाच्या बाबतीत मात्र ट्रायम्फचे ६४९ सी.सी.चे जोड-सिलिंडरी इंजिन तरुणांना अधिक प्रिय होते; १९५९ च्या ‘बॉनव्हिल’मध्ये त्याला दोन कार्बुरेटर मिळाले. या दोहोंच्या संयोगास आणखी एक कारण घडले. त्या काळच्या ५०० सी.सी.च्या छोट्या शर्यती मोटारगाड्यांना नॉर्टनचे ‘मँक्स’ इंजिन हवे असे. पण कंपनी सुटे इंजिन विकत नसल्यामुळे पूर्ण मोटरसायकल घेऊन तिचे इंजिन काढून घेतले जाई. मागे उरलेले उत्तम सांगाडे इंजिनाची वाट पाहत पडून राहत. त्यांत ट्रायम्फचे इंजिन बसले आणि दोन नावांच्या तुकड्यांतून ‘ट्रायटन’ हा शब्द तयार झाला. याच रीतीने ट्रायम्फ व बी.एस.ए. मिळून ‘ट्रिब्सा’ आणि नॉर्टन व व्हिन्सेंट मिळून ‘नॉर्व्हिन’ हे शब्द बनले. गाडीतील जोडकाम शब्दातही उमटावे, हे येथे लक्षणीय आहे. रिकमन बंधूंनी तर आपल्या गाडीला ‘मेटिस’, म्हणजे फ्रेंच भाषेत संकरजा, असेच नाव दिले. हा संकर कमअस्सल नव्हता, हे १९६५ मध्ये दिसून आले. त्या वर्षी बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत डेव्ह डेगन्स व रेक्स बुचर यांनी डेगन्सच्याच ‘ड्रेस्डा’ ट्रायटनवर जिंकली.

कारखान्यांनीही या लाटेची दखल घेतली. १९६१ पासून शिकाऊ चालकांना २५० सी.सी.ची मर्यादा घालण्यात आली. तीत बसेल अशी ‘कॉन्टिनेंटल जी.टी.’ ही कॅफे रेसर धर्तीची गाडी रॉयल एनफील्डने १९६४ च्या अखेरीस बाजारात आणली. परंतु त्याच वर्षी समुद्रकिनाऱ्यावरील गावांत ‘मॉड्स’ आणि ‘रॉकर्स’ या दोन तरुण गटांत झालेल्या हाणामाऱ्यांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले. स्टॅन्ली कोहेन याने १९७२ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे प्रत्यक्ष घटनेपेक्षा तिच्याभोवती उठलेली भीतीच मोठी होती. दुसरीकडे बिल शेरगोल्ड नावाच्या पाद्र्याने १९६२ मध्ये ‘फिफ्टी-नाइन क्लब’चा मोटरसायकल विभाग काढून याच मुलांना चर्चचे दार उघडले. पुढे १९६५ च्या अखेरीस ताशी ७० मैलांची सार्वत्रिक वेगमर्यादा आली, स्वस्त मोटारगाड्या आल्या, आणि १९६९ मध्ये एस कॅफे बंद पडला. तो पुन्हा पूर्णांशाने उघडला तो २००१ मध्ये. तोपर्यंत उपहासाचे नाव अभिमानाचे झाले होते.

आज अशी गाडी दुरुस्तीस घेणाऱ्यापुढे प्रथम कारागिरीच्या अडचणी येतात. तिचे आटे मेट्रिक नाहीत. व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावरील आकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी न सांगता दांड्याची जाडी सांगतो. हे न जाणता जवळपासचा पाना लावल्यास डोक्याच्या कडा झिजून जातात. ट्रायम्फच्या क्रँकशाफ्टमध्ये तेलातील गाळ साठविणारी एक नळी असते. ती उघडून साफ न करता बाहेरून चकाकविलेले इंजिन थोड्याच दिवसांत तेलाअभावी निकामी होऊ शकते. जुन्या मॅग्नेटोच्या वेटोळ्याचे आवरण व कंडेन्सर खराब झालेले असल्यास थंड इंजिन सुरू होते. तापल्यावर मात्र पुन्हा सुरू होण्यास नकार देते. या सर्व अडचणींवर उपाय आहे, आणि तो परिश्रमाने साधतो.

खरी अडचण निराळी आहे. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचे इंजिन बसविण्यास धातूच्या पट्ट्या लागतात. १९६२ सालच्या एखाद्या ट्रायटनमध्ये त्या बहुधा हाताने कापलेल्या, कानसलेल्या असत; एखादे भोक चुकून पुन्हा पाडलेले असे; साखळीची रेषा जुळावी म्हणून मध्ये वॉशर घातलेले असत. आजचा जीर्णोद्धारक संगणकाने नियंत्रित यंत्रावर कापलेल्या निर्दोष पट्ट्या बसवितो. गाडी सुधारते, पण एका अनाम तरुणाचा हात तीतून नाहीसा होतो. याहून टोकाचा प्रकार म्हणजे ट्रायटन सोडवून तिच्या दोन अर्धांपासून एक ‘अस्सल’ नॉर्टन व एक ‘अस्सल’ ट्रायम्फ उभी करणे. इंजिन व सांगाड्यावरील क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळले की किंमत चढते, म्हणून हा व्यवहार फायद्याचा ठरतो. उलट एखादी अविकृत राहिलेली जुनी नॉर्टन मोडून नवी ट्रायटन बनविणेही तितकेच आक्षेपार्ह होय. पहिल्या प्रकारात पाठभेद हा अपपाठ समजून खोडला जातो. दुसऱ्यात मूळ प्रतीवरच नवे क्षेपक घातले जाते.

कायद्यालाही या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले आहे, आणि दोन देशांची उत्तरे एकसारखी नाहीत. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या वाहनास वार्षिक तपासणीतून सूट मिळते. अट इतकीच की मागील तीस वर्षांत त्यात भरीव बदल झालेला नसावा. म्हणजे बदलही पुरेसा जुना झाला की तो इतिहासात जमा होतो. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यास दुजोरा दिला. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांस ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद दिली. पण ती मूळ रूपात राखलेली असावीत, ही अट घातली. सुरक्षिततेच्या दृष्टीने या कठोरपणाचे समर्थन करता येते. तथापि या व्याख्येत मूळ म्हणजे कारखान्याचे, मालकाने घडविलेले नव्हे.

हा प्रश्न भारतास दूरचा राहिलेला नाही. १९५५ मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाचा वारसा चालविणाऱ्या कंपनीने २०१३ मध्ये ‘कॉन्टिनेंटल जी.टी.’ हे नाव पुनरुज्जीवित केले. बी.एस.ए. हे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहाकडे आणि नॉर्टन २०२० मध्ये टी.व्ही.एस.कडे आले. पुण्याजवळच्या चाकण येथे बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फच्या गाड्या बनतात. तेथील ‘थ्रक्स्टन ४००’ ही २०२५ मध्ये विक्रीस आलेली गाडी तर उघडउघड कॅफे रेसर आहे. एके काळी कारखान्याविरुद्ध घडविलेले रूप आता कारखानाच पुरवितो.

अशा स्थितीत जुन्या, हाताने घडविलेल्या गाड्यांचे पुराव्याचे मोल वाढते. श्रमजीवी तरुणांच्या या पिढीने स्वतः लिहून ठेवलेले थोडे आहे. तिने जे लिहिले ते धातूवर, कानशीने. पोथीचा संपादक पाठभेद टीपेत नोंदवून मगच पाठ निश्चित करतो. गाडी उघडण्यापूर्वी तिच्यावरील प्रत्येक फेरफाराची छायाचित्रासह नोंद करावी, काढलेला भाग भंगारात न टाकता गाडीबरोबर ठेवावा, आणि सुरक्षिततेस बाधक नसेल ते चुकीचे भोकही बुजवू नये, एवढी शिस्त जीर्णोद्धारकास पाळता येण्यासारखी आहे. ती पाळल्यास गाडी धावेल आणि तिचा इतिहासही वाचता येईल.