कशेळे परिसरातील वृद्धांची जाग : एक ऐतिहासिक टिपण

उतारवयातील निद्रानाश हा केवळ वैद्यकीय प्रश्न मानला जातो. तथापि झोपेलाही इतिहास असतो. रानडुकरांपासून भात राखणाऱ्या कशेळ्याच्या शेतकऱ्यास मध्यरात्रीची जाग उपयोगाचीच होती. रॉजर एकर्च यांनी (२००१) औद्योगिकपूर्व युरोपातील दोन टप्प्यांची झोप दाखविली आहे. ती येथे सरसकट लागू करणे धाडसाचे ठरेल. आपल्याकडील दुवा वेगळा आहे. खालापूर तालुक्यातील खोपोली (१९१५) व कर्जत तालुक्यातील भिवपुरी (१९२२) येथील जलविद्युत केंद्रांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. त्या गिरण्यांत पाळ्या करणाऱ्यांत कोकणातील माणसे मोठ्या संख्येने होती. १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले कामगार आज वृद्ध आहेत; हे मौखिक साधन झपाट्याने विरळ होत आहे. रात्री टक्क जागणाऱ्या अशा वृद्धास वयाबरोबरच रात्रपाळीची वर्षेही विचारली पाहिजेत.