शासकीय खर्चाची पारदर्शकता

करांच्या रूपाने जमा होणाऱ्या पैशाचा विनियोग शासन कसा करते, याची तपशीलवार नोंद करदात्याला मागणीवाचून पाहावयास मिळणे, यास शासकीय खर्चाची पारदर्शकता म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही नोंद छापील अर्थसंकल्प, विनियोजन लेखे व लेखापरीक्षा अहवाल यांतून मिळत असे. एकविसाव्या शतकात महाजालावरील माहितीसंच हे तिचे प्रमुख साधन बनले. साधन बदलले, तरी मूळ प्रश्न जुनाच आहे : हिशेब लिहिणाऱ्याच्या सोयीने मांडावयाचा, की वाचणाऱ्याच्या?

मराठी राज्यात हिशेबाची परंपरा मोठी होती. पेशवे दप्तरातील मोडी रुमालांत महालांचे बेहडे, ताळेबंद व झडत्या बारकाईने नोंदलेल्या आढळतात. परंतु हे दप्तर राज्यकर्त्यांच्या उपयोगासाठी होते. रयतेने ते पाहावे ही कल्पना त्या काळी नव्हती. यूरोपातही ती विरळाच होती. स्वीडनने १७६६ मध्ये मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यान्वये शासकीय कागदपत्रे नागरिकांना खुली केली, हा अपवाद होय. हिंदुस्थानात जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये पहिला अर्थसंकल्प मांडला, तथापि त्यावर लोकांनी काही बोलण्याची सोय नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला संघटित प्रयत्न पुण्यात झाला. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने शासनाच्या जमाखर्चाची चिकित्सा करण्याचे काम अंगावर घेतले. सभेचे त्रैमासिक १८७८ मध्ये निघू लागले. न्या. महादेव गोविंद रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यातून सरकारी अहवालांतील आकडे पिंजून काढले. यांपैकी ग. व्यं. जोशी हे पेशाने शिक्षक. त्यांच्यापाशी कोणतेही गुप्त कागद नव्हते. सरकारने स्वतःच छापलेले, पण कोणी न वाचलेले तक्ते ते वाचत, वर्षांमागून वर्षे शेजारी ठेवीत आणि लष्करावर व शिक्षणावर होणाऱ्या खर्चाची तुलना करीत. आजच्या माहितीसंचाकडून जी अपेक्षा केली जाते, ती या गृहस्थाने कागद-पेन्सिलीने पुरी केली, असे म्हणण्यास हरकत नाही. कोकणातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली. १८९२ च्या कायद्याने विधिमंडळात अर्थसंकल्पावर चर्चा करता येऊ लागली होती, परंतु मतदान करता येत नव्हते. या चौकटीत राहून गोखल्यांनी २६ मार्च १९०२ रोजी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. सालोसालची शिल्लक हे सुबत्तेचे लक्षण नसून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा पुरावा आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. या तयारीत त्यांना जोशींचे मोठे साहाय्य झाले होते.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केले आणि त्याचे राज्यविषयक अहवाल राज्यपालांमार्फत विधानमंडळापुढे ठेवण्याची तरतूद केली. हे अहवाल मौलिक असले, तरी ते खर्चानंतर बऱ्याच काळाने येतात व ग्रामस्थापर्यंत क्वचितच पोहोचतात. गावपातळीवर खर्चाचा प्रश्न प्रथम तीव्रतेने जाणवला तो रोजगार हमी योजनेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली व १९७७ मध्ये तिला कायद्याचे स्वरूप मिळाले. खडी फोडणाऱ्या मजुराच्या दृष्टीने शासकीय हिशेब म्हणजे हजेरीपट. त्यावर नाव आहे की नाही, दिवस किती मांडले, यावर त्याची चूल अवलंबून असे. आणि तो हजेरीपट पाहण्याचा त्याला सहजी मार्ग नव्हता. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनावण्यांत असेच हजेरीपट मोठ्याने वाचून दाखविले, तेव्हा माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला निश्चित रूप आले. गोव्याने १९९७ मध्ये व महाराष्ट्राने २००० मध्ये असे कायदे केले. महाराष्ट्राचा कायदा अपुरा ठरल्याने, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, २००२ चा अधिक व्यापक अधिनियम आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय अधिनियम पूर्णतः अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक कार्यालयाने आपला अर्थसंकल्प, नियोजित खर्च व केलेली प्रदाने स्वतः होऊन प्रसिद्ध करावीत आणि अभिलेखांचे संगणकीकरण करावे, असे बंधन घातले. ऑनलाइन माहितीसंचांचा भारतातील कायदेशीर पाया तो हाच.

अन्य देशांतही याच सुमारास अशी पावले पडली. ब्राझीलने २००४ मध्ये पारदर्शकतेचे संकेतस्थळ उघडले. अमेरिकेत २००६ च्या कायद्याप्रमाणे संघीय अनुदाने व कंत्राटे यांचा शोधता येण्याजोगा संच २००७ च्या अखेरीस खुला झाला. ब्रिटनने २०१० मध्ये कोषागाराचा माहितीसंच प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात लेखा व कोषागारे संचालनालयाच्या ‘महाकोष’ या संकेतस्थळाभोवती अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. ‘बीम्स’ या प्रणालीतून अनुदानाचे वाटप आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत होते व तिच्या प्राधिकारपत्राशिवाय कोषागार देयक स्वीकारीत नाही. ‘कोषवाहिनी’त कोषागारांतून झालेल्या प्रदानांची माहिती संकलित होते, तर ‘ग्रास’मध्ये जमेच्या चलनांची.

ही माहिती खुली आहे. पण ती वाचता येते काय? सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली या गावाचे उदाहरण घेता येईल. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, गोव्याच्या सीमेलगत आहे. येथील राज्य उत्पादन शुल्काचा तपासणी नाका सर्वपरिचित आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आल्यावर विक्रीकराची तपासणी संपली, मद्य मात्र त्या कराबाहेर राहिले. राज्याची जमेची बाजू या गावात अशी रस्त्यावर उभी राहून दिसते. खर्चाची बाजू शोधू गेल्यास कोषागाराच्या संचात ‘इन्सुली’ हा शब्दच सहसा भेटत नाही. कारण तेथील नोंदी स्थळानुसार नसून लेखाशीर्ष व आहरण अधिकारी यांनुसार असतात. गावातील रस्त्याचा पैसा जिल्हा मुख्यालयातील वा तालुक्यातील एखाद्या अभियंत्याच्या नावे, रस्ते व पूल यांच्या ३०५४ किंवा ५०५४ या शीर्षाखाली, शेकडो कामांच्या बेरजेत लुप्त होतो. ग्रामीण महाराष्ट्रात ‘३०५४ चा रस्ता’, ‘२५१५ चा निधी’ असे शब्द पुढाऱ्यांच्या तोंडी रुळले आहेत. हे आकडे म्हणजे लेखाशीर्षे होत, हे ऐकणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. बोलणाऱ्यांना असते, आणि अंतर तेथेच पडते.

याउलट ग्रामपंचायतीचा हिशेब गावाच्या नावानेच मिळतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५–२० या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांचे अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले आणि ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाने महाराष्ट्रात त्याचे आराखडे होऊ लागले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’वर कोणत्याही पंचायतीचा आराखडा, जमा व प्रमाणके पाहता येतात. पंधराव्या वित्त आयोगाने याहून महत्त्वाची गोष्ट केली : तात्पुरते व लेखापरीक्षित हिशेब महाजालावर खुले ठेवणे, ही २०२१–२६ च्या अनुदानाची प्रवेशअटच ठरविली. त्यामुळे हिशेब उघडा करणे हा सौजन्याचा नव्हे, तर पैसा मिळण्याचा विषय झाला. यापूर्वीच्या कोणत्याही परिपत्रकाने इतका परिणाम साधला नव्हता.

तथापि प्रमाणक हे पैसा दिल्याचा पुरावा असते, काम झाल्याचा नव्हे. ग्रामसभेत पडद्यावरील नोंद वाचली गेली, तर ‘ही गटारे कोठे आहेत?’ हा प्रश्न विचारणारा कोणी तरी तेथे बसलेला असतो. घरी एकट्याने भ्रमणध्वनीवर वाचणाऱ्याला तो बहुधा सुचत नाही. शिवाय कामांची नावे इतकी मोघम लिहिली जातात, की एकाच वाडीतील दोन पायवाटा कागदावर वेगळ्या ओळखता येत नाहीत. रस्त्याची लांबी व खडीची जाडी ज्यात नोंदली जाते, ती मोजमाप पुस्तिका कोषागाराच्या संचात येत नाही. ती पाहावयाची असल्यास २००५ च्या अधिनियमाखाली दहा रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावून अर्ज करावा लागतो व प्रतीसाठी दर पृष्ठास दोन रुपये भरावे लागतात.