डिश त्याच, कोड नवा

गेल्या दिवाळीत अकोल्याला गच्चीवर पुतण्याला माझ्या चार इंची दुर्बिणीतून शनी दाखवत होतो. तर म्हणे, "काका, पुण्याकडे ते मोठ्ठे डिश आहेत न, त्याईतून याच्याहून लय बारीक दिसत असन?"

मी गप्प. कारण हिशेब जरा लाजिरवाणा आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश २५ किलोमीटरवर पसरल्यात, म्हणजे साधारण अकोला ते बाळापूर. २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरींवर त्या सगळ्या मिळून जेवढं बारीक बघतात, जवळपास तेवढंच माझी चार इंची बघते! दिसणाऱ्या प्रकाशाची लहर चार लाख पट आखूड, त्याचा हा फायदा.

मग प्रकाशाच्याच दुर्बिणी अशा का जोडत नाहीत? जोडतात की. अमेरिकेत माउंट विल्सनवर चारा नावाच्या सहा दुर्बिणी आहेत, जास्तीत जास्त अंतर ३३० मीटर. पण प्रकाशलहर जशीच्या तशी रेकॉर्ड करता येत नाही. खरा प्रकाशच निर्वात नळ्यांतून एका जागी आणायचा, आणि रुळांवरचे आरसे सरकवून सगळ्यांचे रस्ते मायक्रॉनपेक्षाही कमी फरकाने सारखे करायचे. रेडिओत सिग्नल एकदा डिजिटल झाला की हेच काम बफरमध्ये मागेपुढे सरकून होतं. तिकडे रूळ, इकडे पॉइंटर :)

म्हणून जीएमआरटीच्या इतिहासातला अपग्रेड मला सगळ्यात आवडतो. गोविंद स्वरूप यांच्या टीमने तारांच्या जाळीच्या स्वस्त, हलक्या डिश उभारल्या, २००१ मध्ये राष्ट्रार्पण झालं. तेव्हा बँडविड्थ होती ३२ मेगाहर्ट्झ. २०१० च्या सुमारास कोरिलेटर लिनक्स क्लस्टरवर आला. मग यशवंत गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली नवे रिसीव्हर, एफपीजीए, जीपीयू आले आणि बँडविड्थ झाली ४०० मेगाहर्ट्झ. ३० डिशच्या ४३५ जोड्या, प्रत्येक जोडीचा गुणाकार, अखंड. हे सगळं जुनी सिस्टीम युजर्ससाठी चालू ठेवून! (प्रॉडक्शनवर काम केलेल्यांना यातली धास्ती कळेल.)

बरं, डिश हलल्या नाहीत, त्यामुळे बारकावा तेवढाच राहिला. पण फिके स्रोत दिसू लागले, आणि एकाच वेळी अनेक लहरलांबी मिळाल्याने चित्रातली भोकं भरली. २०२३ च्या जूनमध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले, त्यात इथली पल्सारची मोजमापंही होती.

पुतण्याला एवढंच सांगितलं, "तेवढंच बारीक दिसतं रे."

"मंग एवढ्या तारा काऊन लावल्या?"

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन असतं. तिकिटं काढलीत.